लाइट गेली की सोलरही बंद: पुण्याजवळच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही सोसायटी पुण्याच्या हद्दीला लागून आहे, जिथे दहा-बारा वर्षांपूर्वी शेतं होती आणि आता नुसते टॉवर दिसतात त्या पट्ट्यात. तीन बिल्डिंग, अकरा-अकरा मजले, ८४ फ्लॅट, सहा लिफ्ट. नाव देत नाहीये आणि आकडेही थोडे गोल केलेत, पण जे घडलं ते असंच घडलं. मी तिथे राहत नाही, इलेक्ट्रिकलची कामं बघतो, तिथल्या एका सभासदाच्या ओळखीने त्यांच्या सोलर उपसमितीसोबत सुरुवातीपासून बसत होतो.

पुण्यात लाइट जात नाही असं बाहेरगावच्या लोकांना अजून वाटतं. त्यालाही कारण आहे, २००६ च्या सुमारास राज्यभर लोडशेडिंग चालू असताना पुण्यात कंपन्यांचे स्वतःचे जनरेटर चालवून शहराला त्यातून सोडवायचा प्रयोग झाला होता आणि लोकांनी त्यासाठी बिलात जास्तीचे पैसेही भरले होते. पण आता प्रश्न लोडशेडिंगचा नाहीये. वीज आहे, ती घरापर्यंत पोचवणारी व्यवस्था कमी पडते. शहराच्या कडेला दरवर्षी नवीन सोसायट्या जोडल्या जातात, फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून येणाऱ्या मुख्य लाइन, तेच राहतात, एप्रिल-मे मध्ये सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की ट्रान्सफॉर्मर दम तोडतो, पावसाळ्यात झाड पडतं, आणि वर्षभर कुठे ना कुठे जेसीबी रस्ता खोदताना केबल तोडतो. त्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट बंद, हे तर इथे सगळ्यांना पाठ आहे.

सोसायटीकडे ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर होता, बिल्डरने दिलेला. त्यावर लिफ्ट, पाण्याचे पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), पार्किंग आणि जिन्यातले दिवे. फ्लॅटच्या आत काही नाही. कॉमन मीटरचं बिल महिन्याला साधारण पाच हजार युनिट, सत्तर हजार रुपयांच्या आसपास.

विषय निघाला कसा

फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि दोनेक महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर सोलर कंपन्यांच्या जाहिराती यायला लागल्या. या योजनेत घरमालकाला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात हे बऱ्याच जणांना माहितीये, पण हाउसिंग सोसायटीलासुद्धा कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात हे कमी लोकांना माहीत असतं. कमिटीला ते पटलं, ४० किलोवॅट बसवू, बिल जवळजवळ निघून जाईल, असं ठरतच आलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या सोसायटीत मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. त्यांचं सोलर दोनच महिन्यांपूर्वी चालू झालेलं, वर कडक ऊन, आणि लिफ्ट बंद. डिझेल संपलेलं होतं कारण आता सोलर आहे म्हणून कोणी भरून ठेवलं नव्हतं. सातव्या मजल्यावरच्या एका काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना चढावा लागला, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न, सोलर असून लाइट कशी गेली?

अडचण नेमकी काय होती

याचं उत्तर सोपं आहे पण कोटेशन देताना कोणी ते स्वतःहून सांगत नाही. नेट मीटरवालं (म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं) साधं ऑनग्रिड सोलर हे ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनच्या, व्होल्टेजला धरून चालतं. ग्रिड गेली की सोलरचा इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नाही, पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) क्षणात स्वतःला बंद करतो, आणि तो तसा बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर खाली लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनच्या हातातली तार तुमच्या छतावरच्या विजेने जिवंत राहील. म्हणजे हा बिघाड नाही, हा सुरक्षेचा नियम आहे.

त्यामुळे ज्या भागात लाइट वारंवार जाते तिथे साध्या ऑनग्रिडमध्ये दुहेरी तोटा होतो. एक तर लाइट गेल्यावर उपयोग शून्य, आणि दुसरं म्हणजे दुपारी तीन तास लाइट गेली तर तेवढ्या वेळची निर्मितीही गेली, ती पुन्हा मिळत नाही. कोटेशनमधले वर्षाला किलोवॅटमागे १,४००-१,५०० युनिट हे ग्रिड सतत चालू आहे असं धरून असतात.

पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी मागतायत आणि दोन्हीला सोलर म्हणतायत. काहींना बिल कमी हवं होतं. काहींना, विशेषतः वरच्या मजल्यांवरच्या ज्येष्ठांना, लाइट गेल्यावर लिफ्ट चालू हवी होती. नवव्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते, त्यांच्या सुनबाई बैठकीत म्हणाल्या की बिलाचं काय ते बघा पण लाइट गेली की आमच्याकडे सिलिंडरवर बदलेपर्यंत सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. त्यानंतर चर्चेचा सूरच बदलला.

आधी रजिस्टर, मग कोटेशन

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता. कोटेशन बाजूला ठेवून गेटवरच्या सिक्युरिटीला एक वही दिली. लाइट कधी गेली, कधी आली, जनरेटर कधी चालू केला, डिझेल किती भरलं. बस एवढंच, पण जून ते ऑगस्ट नियमाने लिहिलं. सोबत क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) प्रत्येक कॉमन लोड मोजला, नेमप्लेटवरचा आकडा धरला नाही.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या ज्या कोणाच्याच डोक्यात नव्हत्या. लाइट महिन्यात वीसेक वेळा जायची पण बहुतेक वेळा तासाभरात परत यायची, चार-सहा तासांची खंडितता महिन्यातून दोन-तीनदाच. म्हणजे रोजचा त्रास छोट्या कटचा होता आणि त्याला छोटी बॅटरी पुरणार होती.

दुसरी गोष्ट जनरेटरची. ६२.५ केव्हीए म्हणजे साधारण ५० किलोवॅटची मशीन, आणि तिच्यावर प्रत्यक्ष लोड बहुतेक वेळ ८ ते १० किलोवॅट. एवढ्या कमी लोडवर जनरेटर लिटरमागे जेमतेम दोन-सव्वादोन युनिट देतो, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर युनिट चाळीस रुपयांच्या पुढे जातं. शिवाय कमी लोडवर सतत चालवला की इंजिनात न जळलेलं इंधन साठतं, धूर वाढतो, ओव्हरहॉलिंग लवकर येतं. हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं होतं, फक्त कोणी युनिटमागे हिशोब केला नव्हता.

कुठले पर्याय तोलले

पहिला पर्याय, नुसतं ४० किलोवॅट ऑनग्रिड आणि जनरेटर आहे तसाच. सगळ्यात स्वस्त, सबसिडी पूर्ण, परतफेड सगळ्यात लवकर. कमिटीतले दोघं शेवटपर्यंत याच बाजूने होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, बॅटरीचे पैसे बिलातून वसूल होत नाहीत.

दुसरा, सोलर जनरेटरसोबत चालवायचं. एका कंपनीने हे फार जोरात मांडलं, मधे कंट्रोलर लावला की लाइट गेल्यावर जनरेटर व्होल्टेज देतो, त्याला धरून सोलर चालतं, डिझेल वाचतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, कारखान्यांमध्ये चालतं. पण जनरेटरवर निदान तीस टक्के लोड ठेवावा लागतो, म्हणजे इथे १५ किलोवॅट, आणि यांचा सगळा लोडच दहा. मग कंट्रोलर सोलरला शून्यावर आणून ठेवणार आणि डिझेल तेवढंच जळणार. क्लॅम्प मीटरचे आकडे हातात नसते तर हा पर्याय नक्की मंजूर झाला असता.

तिसरा, कंपनीने स्वतःच्या खर्चाने बसवायचं आणि सोसायटीने पंधरा-वीस वर्षं युनिटमागे पैसे द्यायचे. सुरुवातीला एक रुपया काढायचा नाही म्हणून बऱ्याच जणांना आवडला. पण एवढा मोठा काळ गच्ची करारात अडकवायची, मधे वॉटरप्रूफिंग काढायची वेळ आली तर पॅनेल कोणी उतरवायचे, यावर करारात समाधानकारक काही मिळालं नाही. शिवाय त्यात बॅटरी नव्हतीच.

चौथा, सगळं हायब्रीड (म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीच्या आधाराने चालू राहणारं सोलर), मोठी बॅटरी, जनरेटर काढून टाकायचा. पंप आणि एसटीपीच्या ब्लोअरसह (टाकीत हवा सोडणारी मोटर) सहा तास चालवायचं तर बॅटरीचाच खर्च सोलरएवढा होत होता. हे महिन्यातून दोन-तीनदाच लागणार होतं, म्हणून सोडलं.

पाचवा आणि शेवटी निवडलेला, वाटणी. २५ किलोवॅट साधं ऑनग्रिड बिलासाठी, आणि १५ किलोवॅट हायब्रीड इन्व्हर्टरवर, सोबत ३० किलोवॅट-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, फक्त अत्यावश्यक लोडसाठी. लांबलेल्या कटला जनरेटर राहणार.

अत्यावश्यक म्हणजे काय, यावरची भांडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. प्रत्येक बिल्डिंगची एकच लिफ्ट, जिन्याचे दिवे, सीसीटीव्ही, गेट, इंटरकॉम, एवढ्यावर एकमत झालं. लिफ्टना व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र) असल्यामुळे सुरू होतानाचा झटका कमी असतो, म्हणून तीन लिफ्ट १५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर बसल्या. जुन्या दोन स्पीडच्या लिफ्ट असत्या तर एवढा इन्व्हर्टर पुरला नसता.

पाण्याचे पंप बॅटरीवर घ्यावेत असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. त्याऐवजी पंपांची वेळच बदलली, पहाटेऐवजी सकाळी अकरा ते दुपारी तीन, म्हणजे सोलरची वीज तिथेच वापरली जाते आणि वरच्या टाक्या संध्याकाळपर्यंत भरलेल्या असतात. एसटीपीचा ब्लोअर तास-दोन तास बंद राहिला तर चालतं, त्यापुढे जनरेटर.

मग आजोबांच्या कॉन्सन्ट्रेटरचा विषय. असं मशीन साधारण तीनशे-साडेतीनशे वॅट घेतं, बॅटरीच्या मानाने किरकोळ. पण फ्लॅटच्या आत कॉमन लाइन दिली तर उद्या प्रत्येक जण वायफाय आणि फ्रिजसाठी मागणार, ही भीती खरी होती. तोडगा असा निघाला की प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये अत्यावश्यक सर्किटवरचा एक सॉकेट, कुलूपबंद झाकणात, चावी फक्त वैद्यकीय गरज नोंदवलेल्या घराकडे. एक-दोघांनी आक्षेप घेतला की ही खास सवलत झाली. अध्यक्षबाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, आज त्यांना लागतंय, उद्या आपल्यापैकी कोणालाही लागेल. ठराव मंजूर झाला.

पैसे आणि सभा

सप्टेंबर २०२४ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. एकूण खर्च साधारण २९ लाख, त्यात सोलरचा भाग एकवीसच्या आसपास आणि बाकी हायब्रीड इन्व्हर्टर, बॅटरी, नवीन पॅनेल बोर्ड आणि वायरिंग. ४० किलोवॅटची सबसिडी ७ लाख २० हजार, पण ती पॅनेलच्या किलोवॅटवर, बॅटरीला काही नाही, आणि तीही काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर. म्हणजे आधी सगळे पैसे उभे करावेच लागतात. १२ लाख सोसायटीच्या फंडातून काढले, उरलेल्यासाठी फ्लॅटमागे २०,००० चार हप्त्यात.

ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलेत ते मालक नाराज होते, आम्ही राहतच नाही तर लिफ्टच्या बॅटरीचे पैसे का. त्यांना मेंटेनन्स किती कमी होईल याचं वर्षाचं गणित कागदावर दिलं आणि बॅटरीचा भाग त्यात लपवला नाही, तो वेगळा दाखवला, की हा परत मिळणारा पैसा नाहीये, हा सोयीचा आणि सुरक्षेचा खर्च आहे. मला वाटतं ठराव याच प्रामाणिकपणामुळे पास झाला.

प्रत्यक्ष काम

गच्चीवर तीन बिल्डिंगपैकी एकीवर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टरूमची सावली एवढी होती की ती सोडूनच दिली. एका पॅनेलवर सावली पडली की त्या अख्ख्या रांगेचं उत्पादन ओढलं जातं. उरलेल्या दोन गच्च्यांवर ७४ पॅनेल बसले, सगळे भारतीय बनावटीच्या सेलचे, कारण सबसिडीची तशी अट आहे. एका गच्चीवर स्ट्रक्चर माणूस खालून चालेल एवढं उंच केलं, कारण वाळवणं, कोजागिरी, मुलांचं खेळणं हे सगळं तिथेच होतं. उंच स्ट्रक्चर महाग पडतं आणि वारा जास्त धरतं, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेतला. कोब्याला (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराला) भोक पाडायचं नाही ही अट ऑर्डरमध्येच लिहिली होती, पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घेतले. ब्रिकबॅट कोब्यात एकदा ड्रिल मारलं की वरच्या फ्लॅटला गळती लागते आणि मग दोषी कोण यावर आयुष्यभर वाद.

बॅटरी आधी बेसमेंटमध्ये ठरली होती. पण बेसमेंटमध्ये जोराच्या पावसात पाणी येतं हे सिक्युरिटीच्या माणसाने सांगितलं, ड्रॉइंगमध्ये ते कुठेच नव्हतं. मग पोडियमवरची एक जुनी स्टोअररूम रिकामी केली, एक्झॉस्ट बसवला, दार आगरोधक केलं.

एक गंभीर गोष्ट चाचणीच्या दिवशी सापडली. ऑनग्रिड इन्व्हर्टरची लाइन चेंजओव्हरच्या (ग्रिड आणि जनरेटरमध्ये अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) लोडच्या बाजूला जोडलेली होती. म्हणजे जनरेटर चालू झाला की इन्व्हर्टरला वाटणार ग्रिड आली, आणि तो जनरेटरमध्येच वीज ढकलणार. लोड कमी असताना यात जनरेटर खराब होऊ शकतो. लाइन ग्रिडच्या बाजूला घेतली आणि दोन्ही एकदम जोडले जाऊ नयेत म्हणून इंटरलॉक टाकला. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, शेवटचं पेमेंट करण्याआधी मेन स्विच पाडून, जनरेटर चालू करून, सगळ्यांच्या समोर चाचणी घ्या.

नेट मीटरला वेळ लागला. २०२४ च्या नियमाप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, त्याच्या वर असेल तर पंधरा दिवसात ती व्हायला हवी. प्रत्यक्षात फाइल बरेच आठवडे फिरत राहिली, पॅनेल छतावर तयार आणि मीटर नाही. शेवटी मार्च २०२५ मध्ये सगळं चालू झालं.

काय झालं

पहिल्या वर्षाचा हिशोब माझ्यासमोर आहे. निर्मिती सरासरी महिन्याला ४,३०० युनिटच्या आसपास, कोटेशनपेक्षा थोडी कमी. एप्रिल-मे मध्ये वापरापेक्षा जास्त बनली, ते युनिट पुढे जमा राहिले आणि जुलै-ऑगस्टला कामी आले, कारण ढगांच्या दिवसात उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येतं. बिल सत्तर हजारावरून सरासरी पंधरा हजारांवर आलं. शून्य झालं नाही आणि होणारही नव्हतं, स्थिर आकार राहतोच.

डिझेल महिन्याला दीडशे लिटर लागायचं, आता चाळीसच्या आसपास. छोट्या कटमध्ये जनरेटर चालूच होत नाही, बॅटरी घेते, लिफ्टमधल्या माणसाला कळतही नाही. सबसिडी वजा करता गुंतवणूक तीनेक वर्षांत निघेल असं दिसतंय. नुसतं ऑनग्रिड केलं असतं तर याहून लवकर निघाली असती, हेही खरं.

कोटेशनपेक्षा कमी का, याची दोन कारणं सापडली. दिवसा लाइट गेली की २५ किलोवॅटचा भाग बंद होतो हे आधीच माहीत होतं. दुसरं धुळीचं, जवळच काँक्रीटचा प्लांट आहे. आठवड्याला पॅनेल धुणं सुरू केलं तर टँकरच्या पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग पडले. आता सॉफ्टनरचं पाणी वापरतात आणि ऊन चढायच्या आत धुतात.

वेगळं काय करता आलं असतं

नेट मीटरचा अर्ज ऑर्डर दिल्याच्या दिवशीच टाकायला हवा होता, स्ट्रक्चर उभं राहायची वाट न बघता. सोसायटीचा मंजूर भार (वीज कंपनीने कनेक्शनला मंजूर केलेले किलोवॅट) ४५ किलोवॅट होता म्हणून निभावलं, तो कमी असता तर आधी तो वाढवून घेण्यात आणखी महिने गेले असते. तुमच्या कॉमन बिलावर हा आकडा छापलेला असतो, सगळ्यात आधी तो बघा.

वही फक्त पावसाळ्यात ठेवली गेली, उन्हाळा तिच्यात आलाच नाही. मे २०२५ मध्ये सलग दोन दिवस संध्याकाळी मोठे कट झाले आणि बॅटरी साडेचार तासात संपली. बारा महिन्यांची नोंद असती तर कदाचित ४० किलोवॅट-तासाची बॅटरी घेतली असती. इन्व्हर्टर निवडताना नंतर बॅटरी वाढवता येईल असाच घेतला होता, ते आता उपयोगी पडतंय.

देखभालीचा करार वेगळा करायला हवा होता. पाच वर्षांची देखभाल किमतीत धरलेली होती, पण त्यात धुणं किती वेळा, बिघाड झाला तर किती तासात माणूस येणार, हे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि त्यावरून आत्ताही वाद चालू आहे.

आणि जनरेटर. १० किलोवॅटच्या लोडला ५० किलोवॅटची मशीन अजूनही तिथेच आहे. ती विकून १५-२० केव्हीएची घ्यावी असं मी लेखी दिलंय, पण पंप आणि ब्लोअर एकदम चालू झाले तर काय, यावर कमिटी अडलीये. त्यासाठी दोन्ही मोटरना सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा झटका कमी करणारं यंत्र) लावून महिनाभर मोजून बघायचं ठरलंय. येत्या वार्षिक सभेत तो विषय बॅटरी वाढवण्याच्या विषयासोबतच येईल.